निकाल दिल्लीचा, कागद आपल्या घरचा

जुम्याची नमाज झाली की चपला शोधता शोधता मशिदीच्या पायऱ्यांवर जे बोलणे होते, त्यात समाजाच्या मनात काय चालले आहे ते बरोबर कळते. आमच्या जामसंडे-देवगड पट्ट्यात अलीकडे या बोलण्यात एक विषय पुन्हा पुन्हा निघतो, तो म्हणजे सुप्रीम कोर्टाचा. कुणी चाचा म्हणतात, "कोर्टानं बुलडोझरला लगाम घातलाय, आता कशाला घाबरायचं?" लगेच दुसरे म्हणतात, "कोर्टाचं ऐकतो कोण? मालवणात काय झालं बघितलंत ना?" दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. पण अर्ध्या खऱ्यावर विसंबून घर राखता येत नाही. म्हणून न्यायालय नेमके काय म्हणाले, त्यानंतर आपल्याच राज्यात काय घडले आणि त्यातून आपण काय शिकायचे, हे आज नीट मांडावे असे आम्हाला वाटते.

मालवणात काय घडले?

मालवण आपल्याला लांब नाही. कुणकेश्वर, मिठबाव, आचरा करत किनाऱ्याने गेले की आलेच. आपल्यातल्या कितीतरी घरांची सोयरिक तिथे आहे.

२३ फेब्रुवारी २०२५ ला दुबईत भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना झाला. त्या रात्री मालवणात एका भंगार व्यावसायिकाच्या कुटुंबाने देशविरोधी घोषणा दिल्या, अशी तक्रार झाली. पोलिसांनी पती-पत्नीला अटक केली. त्यांच्या अल्पवयीन मुलालाही ताब्यात घेतले. पुढे आई-वडिलांना जामीन मिळाला. पण त्याआधीच, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, २४ फेब्रुवारीला नगरपरिषदेने त्यांचे भंगाराचे दुकान अनधिकृत ठरवून जमीनदोस्त केले. आमदार नीलेश राणे यांनी समाजमाध्यमावर ही कारवाई दाखवत नगरपरिषदेचे आणि पोलिसांचे जाहीर आभार मानले.

घोषणा खरेच दिल्या की नाही, हे ठरवायला कोर्ट आहे. कुणी दिल्या असतील आणि ते सिद्ध झाले, तर कायद्यात जी शिक्षा असेल ती त्याने भोगावी. त्याची वकिली आम्ही करणार नाही. पण घोषणेचा आणि पत्र्याच्या शेडचा संबंध काय? शेड अनधिकृत होती, तर ती २२ फेब्रुवारीलाही अनधिकृतच होती ना? मग ती सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी का दिसली?

हाच प्रश्न घेऊन ते कुटुंब सुप्रीम कोर्टात गेले. नोटीस नाही, सुनावणी नाही, आमचे म्हणणे मांडायची संधी नाही, असे सांगत त्यांनी न्यायालयाच्या अवमानाची याचिका केली. २४ मार्च २०२५ ला न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने संबंधितांना नोटीस काढली.

निकाल काय सांगतो?

अवमान म्हणजे कशाचा अवमान? तर १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाचा. न्यायमूर्ती गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांनी दिलेला हा ९५ पानी निकाल. आपल्या अमरावतीचे गवई साहेब पुढे देशाचे सरन्यायाधीशही झाले. या निकालाबद्दल व्हॉट्सअॅपवर बरेच फिरले, पण त्यातले बरेचसे अर्धवट होते. मूळ मुद्दे साधे आहेत.

एक, एखाद्यावर आरोप आहे म्हणून, किंवा तो दोषी ठरला म्हणूनही, सरकारी यंत्रणा त्याचे घर पाडू शकत नाही. गुन्हेगार कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, अधिकाऱ्याचे नाही. शिवाय घरात एकटा आरोपी राहत नाही. त्याची म्हातारी आई राहते, बायको राहते, शाळेत जाणारी मुले राहतात. एकाच्या आरोपाची शिक्षा सगळ्यांना देता येत नाही. डोक्यावर छप्पर असणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

दोन, बांधकाम खरोखर अनधिकृत असेल तरी आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागेल. ती पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची आणि घराच्या बाहेरच्या बाजूला ठळकपणे चिकटवायची. उत्तर द्यायला किमान १५ दिवस, आणि स्थानिक कायद्यात जास्त मुदत असेल तर तेवढी. नेमके काय बेकायदा आहे, कोणते कागद आणायचे, सुनावणी कधी आणि कुणापुढे, हे सगळे नोटिशीत लिहिलेले हवे.

तीन, मागची तारीख टाकून नोटीस तयार होऊ नये म्हणून नोटीस बजावल्याबरोबर जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेलने कळवायचे आणि तिथून आपोआप पोच आली पाहिजे. नोटीस, उत्तर आणि अंतिम आदेश लोकांना पाहता येईल असे ऑनलाइन पोर्टलही करायचे.

चार, माणसाला प्रत्यक्ष बोलावून त्याचे ऐकायचे आणि त्याची नोंद ठेवायची. अंतिम आदेशात हेही लिहायचे की शुल्क भरून बांधकाम नियमित होऊ शकते का, सगळे पाडायचे की फक्त बेकायदा भाग, आणि पाडण्याशिवाय दुसरा मार्ग का नाही. आदेश हाती पडल्यावर आणखी १५ दिवस थांबायचे, म्हणजे मालकाला अपील करता येईल किंवा स्वतःहून तो भाग काढता येईल.

पाच, पाडताना व्हिडिओ काढायचा, आधी पंचांच्या सहीने पाहणी अहवाल करायचा. आणि हे न पाळणाऱ्या अधिकाऱ्यावर अवमानाची कारवाई तर होईलच, शिवाय पाडलेले पुन्हा उभे करायचा खर्च आणि नुकसानभरपाई त्याच्या स्वतःच्या खिशातून वसूल होऊ शकते.

हा निकाल आला १३ नोव्हेंबरला. मालवणातली कारवाई २४ फेब्रुवारीची. मध्ये सव्वातीन महिने. नोटीस, सुनावणी, आदेश आणि दोन वेळचे १५ दिवस या हिशेबात सामन्याची रात्र आणि दुसरा दिवस कसे बसतात, हे आता नगरपरिषदेने कोर्टाला सांगायचे आहे.

त्याच दिवशी नागपुरात

योगायोग बघा. सुप्रीम कोर्टाने मालवण प्रकरणात नोटीस काढली त्याच दिवशी, २४ मार्चला, नागपूर महापालिकेचा बुलडोझर चालत होता. १७ मार्चच्या हिंसाचारातल्या एका मुख्य आरोपीचे घर पाडले गेले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी स्थगिती दिली, पण तोवर ते घर पडले होते. दुसऱ्या आरोपीच्या घराची पाडापाडी मात्र मध्येच थांबली.

त्यानंतर एप्रिलमध्ये महापालिका आयुक्तांनी न्यायालयात बिनशर्त माफी मागितली. अधिकाऱ्यांना सुप्रीम कोर्टाच्या या निर्देशांची कल्पना नव्हती, असे त्यांनी सांगितले. देशभर मथळे झाले, टीव्हीवर चर्चा झाल्या, आणि उपराजधानीच्या महापालिकेला चार महिन्यांनंतरही माहीत नव्हते! आपण सामान्य माणसाने कोर्टात "साहेब, कायदा माहीत नव्हता" म्हटले तर चालते का?

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे, आणि ती निराश झालेल्यांनी जरूर लक्षात घ्यावी. निकाल नसता तर स्थगिती कुठल्या आधारावर मागितली असती? आयुक्तांना माफी का मागावी लागली असती? दुसरे घर अर्धे तरी वाचले असते का?

१ एप्रिल २०२५ चा प्रयागराजचा निकालही असाच आहे. तिथे २०२१ मध्ये एक वकील, एक प्राध्यापक आणि इतर काही जणांची घरे नोटीस लावल्यावर चोवीस तासांच्या आत पाडली होती. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी ही कृती अमानुष आणि बेकायदा ठरवली आणि सहा जणांना प्रत्येकी १० लाख रुपये भरपाई द्यायला विकास प्राधिकरणाला सांगितले. चार वर्षे लागली, हे खरे. त्या चार वर्षांत त्या घरांतली माणसे कुठे राहिली असतील, हा विचार मनाला लागतोच. पण त्यांनी कागद जपले आणि कोर्टाची पायरी सोडली नाही, म्हणून ही दाद मिळाली.

"तो काय आपल्यातलो नाय"

आता एक कडू गोष्ट बोलायला हवी. मालवणच्या घटनेनंतर आपल्या समाजात ज्या प्रतिक्रिया आल्या, त्यातली एक आम्हाला सगळ्यात जास्त टोचली. "तो काय आपल्यातलो नाय. भंगारवालो, बाहेरून इलेलो." कोकणी मुसलमानांच्या घराघरांत हे वाक्य ऐकू आले. आपण पिढ्यान्‌पिढ्यांचे इथले, आपली कलमे आहेत, आपली होडी आहे, सगळे गाव ओळखते. तेव्हा आपल्याला कोण काय करणार?

या विचारात दोन चुका आहेत. पहिली म्हणजे इन्साफ माणूस बघून करायचा नसतो. स्वतःच्या, आई-बापाच्या किंवा नातेवाइकांच्या विरोधात जात असला तरी न्यायाला धरून राहा, अशी शिकवण कुरआन आपल्याला देतो. जिथे नातेवाइकालाही सूट नाही, तिथे परक्याला वाऱ्यावर सोडायची परवानगी कुठून आली?

दुसरी चूक व्यवहाराची आहे. हा १३ नोव्हेंबरचा निकाल आला कुठून? २० एप्रिल २०२२ ला दिल्लीच्या जहांगीरपुरीत बुलडोझर आले तेव्हा जमियत उलमा-ए-हिंद कोर्टात गेली. जहांगीरपुरीत कोण राहते? हातगाडीवाले, भंगार गोळा करणारे, पोट भरायला बाहेरून आलेले मजूर. त्या वेळी सगळ्यांनी "ते काय आपल्यातले नाहीत" म्हटले असते, तर आज जामसंड्यातल्या आपल्या घरावर नोटीस न देता हात टाकता येणार नाही, हे सांगायला कुठला कागद दाखवला असता? आणि हा निकाल फक्त मुसलमानांसाठीही नाही. उद्या शेजारच्या हिंदू भावाच्या दुकानावर कुणी आकसाने कारवाई केली, तर हेच १५ दिवस आणि हीच सुनावणी त्यालाही मिळायला हवी. ती मागायला आपण त्याच्याबरोबर उभे राहिले पाहिजे.

पातूरची पाटी

याच काळातला आणखी एक निकाल आपल्या महाराष्ट्रातलाच आहे आणि तोही एका नगरपरिषदेचाच. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठी नावाखाली उर्दूतही नाव लिहिले होते. उर्दू काढून टाका, अशी मागणी एका माजी नगरसेविकेने केली. १५ एप्रिल २०२५ ला न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी ती मागणी फेटाळली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, भाषा लोकांची असते, उर्दू याच मातीत वाढलेली आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मराठीबरोबर आणखी एक भाषा वापरायला २०२२ चा राज्याचा भाषा कायदा आडकाठी करत नाही, हेही सांगितले.

भाषा आणि धर्म वेगळे, हे आपल्याला कोर्टाने सांगायची गरज नव्हती म्हणा. आपल्या घरी मराठीत भांडण होते आणि मराठीतच लाड होतात. नमाज अरबीत, शाळा कुणाची मराठी कुणाची उर्दू, आणि बाजारात मालवणी. पण पातूरच्या निकालातून शिकण्यासारखे वेगळेच काहीतरी आहे. तिथली पाटी टिकली ती नुसत्या भावनेवर नाही. १९५६ पासून उर्दूचा वापर असल्याची बाजू नगरपरिषदेकडे होती, २०२० मध्ये सभागृहात रीतसर ठराव झाला होता, आणि पुढे वेगवेगळ्या पायऱ्यांवर हे प्रकरण पाच वर्षे कागदोपत्री लढले गेले. मोर्चा निघाला नाही, घोषणा झाल्या नाहीत. ठरावाचा एक कागद शेवटी दिल्लीपर्यंत कामाला आला.

आपल्या घरात काय स्थिती आहे?

आता स्वतःकडे बघू. निकाल अनधिकृत बांधकामाला माफी देत नाही. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा पाणवठ्यावरचे अतिक्रमण यांना या निकालाचे संरक्षणच नाही. न्यायालयानेच पाडायचा आदेश दिला असेल तिथेही नाही. आपण खाडीकाठची आणि समुद्रकाठची माणसे. आपल्यासाठी ही ओळ फार महत्त्वाची आहे. गटारावर पुढे काढलेली दुकानाची पायरी किंवा रस्त्यावर वाढवलेला पत्रा आपल्या हाताने मागे घेतलेला बरा. वाट अडवणे तसेही दीनमध्ये चांगले मानलेले नाही.

बाकीच्यांचे काय? नोटीस आली तर ती घेणार कोण? कोकणातल्या मुस्लिम घरांची ही खरी अडचण आहे. कर्ता पुरुष कुवेतला, दुबईला, मस्कतला. मुले मुंबईत. घराला कुलूप, चावी शेजाऱ्याकडे. रजिस्टर्ड पोस्ट "घर बंद" म्हणून परत जाणार आणि दारावर चिकटवलेला कागद पावसात भिजून पडणार. १५ दिवसांची मुदत मिळूनही हातात काहीच राहणार नाही.

दुसरी अडचण नावाची. कितीतरी घरांचा सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे, ते अल्लाहला प्यारे होऊन तीस वर्षे झाली. नोटीस येणार मयताच्या नावे. वारस नोंद का झाली नाही विचारले की मान खाली जाते, कारण नोंद केली तर बहिणींची नावे लागतील. शरियतने दिलेला बहिणीचा हिस्सा लपवायला आपण कागद अर्धवट ठेवतो आणि मग तोच अर्धवट कागद आपल्या घरावर उलटतो. कोर्टाकडे न्याय मागण्याआधी घरातला हा न्याय करून टाकायला नको का?

तिसरी अडचण परवानगीची. आपल्याकडे आधी ग्रामपंचायत होती, आता देवगड-जामसंडे नगरपंचायत आहे. जुनी घरे ग्रामपंचायतीच्या काळातली, त्या वेळची परवानगी कुठल्या ट्रंकेत आहे ते आजीलाच ठाऊक. बरेच जण म्हणतात, "घरपट्टी भरतो की दरवर्षी!" घरपट्टी जरूर भरा आणि पावत्या जपा, घर किती जुने आहे हे दाखवायला त्या उपयोगी पडतात. पण घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, हे पक्के लक्षात ठेवा.

मग करायचे काय?

फार मोठे काही नाही. येत्या सुट्टीत परदेशातली माणसे गावी येतील, तेव्हा लग्नाच्या खरेदीतून एक दिवस काढा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, घरपट्टीचा उतारा, बांधकाम परवानगी, बिनशेतीचा आदेश, जुनी वीजबिले एका फायलीत लावा. त्यांचे फोटो काढून घरातल्या दोन-तीन जणांच्या मोबाइलवर ठेवा. वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या. घर बंद असेल तर नोटीस घेण्यासाठी आणि उत्तर देण्यासाठी विश्वासातल्या माणसाला लेखी अधिकारपत्र द्या. बांधकामात काही कमी-जास्त झाले असेल तर नोटिशीची वाट न पाहता नियमित होते का, ते नगरपंचायतीत जाऊन विचारा.

नोटीस आलीच तर ती फाडू नका आणि घ्यायला नकारही देऊ नका. हाती आलेली तारीख लिहून ठेवा, दारावर चिकटवली असेल तर फोटो काढा. मुदतीत लेखी उत्तर द्या आणि त्याची पोच घ्या. सुनावणीला स्वतः हजर राहा. वकिलाची फी परवडत नसेल तर ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, हे फार थोड्या भगिनींना माहीत आहे. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. आणि उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि आपला सिंधुदुर्ग जिल्हा त्यातच येतो.

जमातींनीही एक काम करावे. मशिदीची, मदरशाची, कब्रस्तानाची कागदपत्रे एकाच माणसाच्या कपाटात असतात, तो माणूस गेला की कागद गेले. त्यांच्या प्रती काढा. आणि निकालातले हे निर्देश आपल्या जिल्ह्यात किती पाळले जातात, जिल्हाधिकारी कार्यालयात त्यासाठी नोडल अधिकारी कोण, त्यांचा ई-मेल कोणता, पोर्टल कुठले, हे माहिती अधिकारात विचारा. असा अर्ज कुणाविरुद्ध नसतो. "आम्हाला माहीत नव्हते" हे नागपूरचे उत्तर सिंधुदुर्गात कुणाला देता येऊ नये, एवढाच त्याचा हेतू.

कुरआनमधली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे, हे आपल्या मुलांना विचारून बघा. ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. व्यवहार छोटा असो की मोठा, लिहायचा कंटाळा करू नका, असे तिथे बजावले आहे. आपण ती आयत तिलावत करतो आणि घराचे कागद मात्र ट्रंकेत वाळवीला देतो.

तेव्हा पुढच्या जुम्याला पायऱ्यांवर पुन्हा हा विषय निघाला, की "कोर्टाने वाचवले" आणि "कोर्टाचा काय उपयोग" या दोन्ही चाचांना आमचा एकच प्रश्न विचारा. चाचा, तुमच्या घराची फाइल कुठे आहे?